भाताचा करपा व घरगुती उपाय

शहापूर व मुरबाड या दोन्ही तालुक्यांत भात हेंच मुख्य पीक, आणि बहुतेकांस तें वर्षांतून एकदांच मिळतें. आटगांवच्या आसपास पावसाळ्यांत आभाळ भरलेलें व पान ओलें राहतें. अशी हवा करप्यास फार मानवते. पानांवर दोन्ही टोकांस निमुळते, मध्यें राखी असे ठिपके पडतात. तोच रोग लोंबीच्या मानेवर आला म्हणजे दाणा पोचट राहून वर्षाची बेगमी जाते.

महसूल खात्याच्या नोकरींत पैसेवारीच्या पाहणीस गेलों असतां "औषध मारलें, पण उशीर झाला" ही तक्रार प्रस्तुत लेखकानें पुष्कळ बांधांवर ऐकिली आहे. सबब सांगणें इतकेंच, कीं रोगाचा प्रतिकार बियाण्यापाशींच सुरू व्हावा. घरच्या साध्या वस्तूंचा खरा उपयोग याच वेळीं होतो.

बियाण्यावाटे पसरणारे रोग क्षुल्लक नव्हेत. १९४२ सालीं बंगालच्या भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग पडला. १९४३ च्या दुष्काळास इतर कारणेंही होतीं. तथापि त्यांत या रोगाचाही वांटा होता, असें शास्त्रज्ञ पद्मनाभन् यांनीं १९७३ सालीं प्रतिपादन केलें.

करावयाचे उपाय येणेंप्रमाणें :

१) मीठ. १० लिटर पाण्यांत ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत बियाणें सोडावें. तरंगेल तें पोचट व रोगट भात काढून टाकावें. तळचें दोन-तीन वेळां स्वच्छ पाण्यानें धुवून सावलींत वाळवावें. रोगट खाचरांतील भात बियाण्यास मुळींच ठेवूं नये.

२) उपयुक्त जंतु. स्यूडोमोनास या जंतूची भुकटी दर किलो बियाण्यास १० ग्रॅम चोळावी. ही सजीव वस्तु आहे. मुदत उलटलेली घेऊं नये व रासायनिक औषधांत मिसळूं नये.

३) तुसाची काळी राख. राबाच्या आंचेनें तणाचें बीं मरतें व राख मिळते, हा त्या चालीचा गुण. पण त्यापायीं ऐनाच्या फांद्या व शेण जळून जातें. डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री पद्धतींत गादीवाफ्याच्या मातींत दर चौरस मीटरास अर्धा ते एक किलो काळी राख मिसळतात. तींतील सिलिकेनें रोप कणखर होतें व रोगास सहजीं बळी पडत नाहीं.

४) शेणाचें पाणी. कडा करपा हा निराळा रोग. त्यांत पानाच्या कडा पिवळ्या पडून वाळतात. त्यावर दर लिटर पाण्यांत २० ग्रॅम ताजें शेण कालवून, निवळ गाळून, रोग दिसतांच व पुन्हां पंधरा दिवसांनीं फवारावी, अशी तामिळनाडु कृषि विद्यापीठाची शिफारस आहे.

यांपैकीं कोणताही उपाय युरियाच्या अतिरेकापुढें टिकत नाहीं. नत्र हप्त्याहप्त्यानेंच द्यावें. निंबोळी अर्क मुख्यतः किडीवरचा आहे. करपा मानेवर चढूं लागल्यावर त्याच्या भरंवशावर न राहतां सहायक कृषि अधिकाऱ्यास पीक तत्काळ दाखवावें. मूठभर मीठ व घमेलेंभर राख यांस खर्च नाहीं. पाहिजे ती फक्त पेरणीपूर्वींची दोन दिवसांची तजवीज.