विश्रांतीचा नियम घरालाही हवा

तासगावात विमानतळ नाही. द्राक्षबागांच्या या गावचा मुलगा वैमानिक झाला आणि त्याचा बेस दिल्लीला असला, तर कामावर हजर होण्यासाठीच त्याला आधी मोटारीने कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ गाठावा लागतो. तेथून मुंबईमार्गे दिल्लीपर्यंत तो प्रवासीच असतो. घर ते बेस हा प्रवास कामाच्या तासांत धरला जात नाही. शरीर मात्र तो धरते.

सलग 17 तास जागरण घडल्यास माणसाची हालचाल मद्य घेतल्यासारखी मंदावते, हे 1997 साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले. त्यातही पहाटे दोन ते सहा हा सर्वाधिक सुस्तीचा काळ. म्हणूनच भारतात जुलै 2025 पासून वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेण्यात आली.

परंतु त्याच 48 तासांत तासगावला येऊन परतायचे, तर विश्रांती उरते किती? म्हणून मुलगा आला की आई-वडिलांनी आधी त्याला निजू द्यावे. बँकेची, दवाखान्याची कामे झोपेनंतर सांगावीत. कामाच्या आदली रात्र त्याने बेसवरच काढावी, असा आग्रहही त्यांनीच धरावा.

आणि मागे राहणाऱ्यांचे काय? आजारी सासऱ्यांसाठी रात्री-अपरात्री उठणारी सूनही कर्तव्यावरच असते. तिच्यासाठी असा नियम कोणी लिहिलेला नाही. आठवड्यातून निदान एक रात्र तिला अखंड झोप मिळेल, अशी पाळी घरातल्यांनी लावून घ्यावी.

‘आज थकलो आहे, उड्डाण नको,’ असे सांगणे वैमानिकाच्या कर्तव्यातच मोडते. घरातही ते तितक्याच निःसंकोचपणे म्हणता आले पाहिजे.