दिवा हिरवा, तरी रिपोर्ट येत नाही

विसरवाडीला धुळे-सुरत महामार्गावरून नंदुरबारचा रस्ता फुटतो. नवखा चालक तिथे पाटी बघूनच वळतो. संगणकाच्या जाळ्यातली माहितीही अशाच पाट्यांवर चालते, आणि पाटी चुकली की रुग्णाचा रिपोर्ट अडकतो.

नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचे प्रमाण मोठे. गावात होणारी सोल्युबिलिटी चाचणी फक्त संशय दाखवते. वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीतून ठरते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठरले होते. हे निकाल वेळेवर हवेत आणि भलत्याच्या हाती जायला नकोत. 'वाहक' या एका शब्दावरून मुलीचे लग्न मोडू शकते.

आता गंमत अशी, की कंपनीची एकच केबल रुग्णालय, बँक आणि दुकान या सगळ्यांची माहिती वाहते. ती वेगळी ठेवायला कंपनी खासगी जाळी आखते. इथे 'मार्ग' म्हणजे तार नव्हे. 'या पत्त्यांकडे जायचे तर माझ्याकडून जा' अशी एका यंत्राने दुसऱ्याला दिलेली ती सूचना. तिला आठ बाइटची चिठ्ठी जोडता येते. तिचे नाव एक्स्टेंडेड कम्युनिटी, आणि तिचे मानक २००६ सालचे. हा मार्ग कोणत्या जाळ्यात घ्यायचा, हे तिच्यातला 'रूट टार्गेट' हा प्रकार सांगतो. स्विचमधली गाळणी चिठ्ठी वाचते. यादीतली असेल तर मार्ग आत, नसेल तर बाहेर. रक्तपेढीत पिशवीवरचे लेबल पाहतात, तसेच.

गाळणी ढिली ठेवली तर परक्या जाळ्याचे मार्ग आत येतात. पण जास्त फसवा बिघाड वेगळाच. काही बनावटीच्या स्विचना 'चिठ्ठ्याही पुढे पाठव' असे मुद्दाम सांगावे लागते. ते राहून गेले, तर पलीकडच्या गाळणीला सगळे मार्ग बिनचिठ्ठीचे दिसतात आणि ती ते निमूट टाकून देते. तार शाबूत, दिवा हिरवा, निकाल मात्र येत नाही. प्रयोगशाळा म्हणते पाठवला, दवाखाना म्हणतो मिळाला नाही. दोघेही खरेच बोलत असतात.

मार्ग नाहीसे झाले की काय होते, हे जगाने ४ ऑक्टोबर २०२१ रोजी पाहिले. कारण वेगळे होते, देखभालीतली एक चुकीची आज्ञा; पण फेसबुक आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास गायब होते.

एक गैरसमज मात्र नको. चिठ्ठी म्हणजे कुलूप नव्हे. ती जाळी वेगळी ठेवते, मजकूर झाकत नाही. त्यासाठी रिपोर्ट सांकेतिक रूपातच पाठवावा लागतो. गाळणीत बदल केल्यावर दिव्याकडे पाहून समाधान मानू नये. दोन्ही टोकांकडून एकेक चाचणी रिपोर्ट पाठवून पाहावा. आणि गर्भवतीचा निकाल ठरल्या दिवशी दिसला नाही, तर प्रयोगशाळेला सरळ फोन लावावा.