मालक बाहेरगावी गेला की…

नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर महाराष्ट्राची हद्द ओलांडली की सौंसरच्या अलीकडे बोरगाव लागतं. मध्य प्रदेश सरकारची औद्योगिक वसाहत या गावाच्या नावाने उभी आहे. १९२५ साली ठाण्यात सुरू झालेल्या रेमंडने १९९१ मध्ये इथे सुमारे शंभर एकरांवर लोकरीच्या सुटिंगचा कारखाना उभारला. सौंसर तालुका ऑक्टोबर २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडतो, पण कंपनीच्या लेखी हा अजूनही 'छिंदवाडा प्लांट'च आहे. आसपासच्या घरांत मराठी बोलली जाते, कचेरीत अर्ज हिंदीत लिहावा लागतो आणि बाजारासाठी, दवाखान्यासाठी लोक साठेक किलोमीटरवरच्या नागपूरला धावतात.

अशा वसाहतींमागचा सरकारी हिशेब सरळ असतो. जिल्हा मागास, म्हणून जमीन स्वस्त, करात सूट, वीज आणि रस्ता दारापर्यंत. हा हिशेब खोटा नाही. त्याशिवाय ठाण्याची कंपनी सातपुड्याच्या पायथ्याशी कशाला आली असती? पण कुठल्याही एमआयडीसीत फेरफटका मारला की पुढचा प्रश्न पडतोच. रस्ता तोच, वीज तीच, सवलत तीच, कामगारही त्याच चार गावांतले. तरी एका शेडमध्ये तीन पाळ्या चालतात आणि शेजारच्या शेडला कुलूप असतं. हा फरक येतो कुठून?

मालकांना विचारा, पहिलं उत्तर ठरलेलं: 'माणसं मिळत नाहीत. मिळाली तर टिकत नाहीत.' ही तक्रार नवी नाही. बोरगावच्या सगळ्यात जवळच्या मोठ्या शहरात ती दीडशे वर्षांपूर्वी जमशेटजी टाटांनीही ऐकली होती. त्यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली. कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे दारात. जागेची निवड अचूक होती. पण कामगार खाडे करायचे. रोज सरासरी वीस टक्के माणसं कामावर नसत. हातात चार पैसे आले, की मिलच्या भोंग्याला कोण विचारतो!

त्या काळचा सर्वमान्य उपाय म्हणजे दंड आणि मुकादमाची शिवी. टाटा आणि त्यांचे व्यवस्थापक बेजनजी मेहता यांनी वेगळी वाट धरली. हे मेहता रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेले, कापडाचा अनुभव शून्य. चांगल्या कामगारांना जाहीर समारंभात बक्षिसं मिळू लागली: घड्याळं, सोन्याच्या साखळ्या, रोख रक्कम. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. गिरणीत हवा खेळती आणि दमट राहावी म्हणून यंत्रणा बसली. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी मिळवायला नारायण मेघाजी लोखंडे यांना १८९० पर्यंत झगडावं लागलं, हे लक्षात घेतलं की नागपूरच्या पावलांचं महत्त्व कळतं. याला दानधर्म म्हणणारे म्हणोत. मला तो रोखठोक व्यवहार वाटतो. उद्या मागावर माणूस हवा असेल, तर उद्या यायला त्याच्याकडे कारण हवं.

दुसरं उत्तर यंत्राचं. नवी मशीन घेतली की उत्पादन वाढेल, ही समजूत कर्जाच्या अर्जावर फार शोभते. अहमदाबादच्या कॅलिको मिलने १९५२ मध्ये २२४ स्वयंचलित माग बसवले. काम बारा प्रकारांत वाटून २९ माणसांवर सोपवलं गेलं. कोणी फक्त धागा जोडणार, कोणी फक्त तेल घालणार. अपेक्षित कापड काही निघेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस पुढच्या वर्षी तिथे आले आणि त्यांनी विचार मांडला, की एकेका माणसाला तुकडा देण्याऐवजी ठरावीक मागांचा गट छोट्या तुकडीच्या ताब्यात द्यावा. कामगारांनी ही कल्पना इतकी चटकन उचलली, की तुकड्यांची जुळणी त्यांनीच आपापसांत केली. यंत्रं तीच, सूत तेच. कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपास होती, ती ९५ वर गेली. खराब कापड ३२ टक्क्यांवरून २० वर उतरलं.

या विषयावरचा सगळ्यात बारकाईचा पुरावा मात्र आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या तारापूरचा आणि सीमेपलीकडे गुजरातमधल्या उंबरगावचा आहे. २००८ मध्ये संशोधक निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या १७ कापड कंपन्यांचे २८ कारखाने निवडले. सगळ्या कंपन्या कौटुंबिक, सरासरी वीस वर्षं जुन्या, एकेकीत पावणेतीनशेच्या आसपास माणसं. म्हणजे मोडकळीला आलेले धंदे नव्हेत, तर आपापल्या गावात प्रतिष्ठा असलेले.

आत मात्र वेगळंच चित्र होतं. सुताच्या गोण्यांवर चिठ्ठी नाही, त्यामुळे कुठलं सूत किती आणि कधीचं, हे सांगायला एखादा जुना माणूस लागे. हत्यारं विखुरलेली. माग बंद पडला की दुरुस्ती. बंद पडू नये म्हणून देखभाल नाही. कापडातले दोष शेवटी माणसं बसवून हाताने काढले जात आणि या एका कामात जवळपास १९ टक्के मनुष्यबळ गुंतलेलं होतं. पाच कामगारांमागे जवळजवळ एक जण बाकीच्यांच्या चुका निस्तरत होता.

संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून कंपन्यांचे दोन भाग केले. एका भागाला महिनाभर केवळ निदान मिळालं. दुसऱ्याला निदानानंतर आणखी चार महिने सल्लागार, तेही फुकट. ३८ सवयी ठरवल्या होत्या आणि त्यातली एकही दिपवणारी नव्हती. दोषांची रोज नोंद करा. ती नोंद घेऊन रोज सकाळी बसा. साठ्यावर चिठ्ठी लावा. मागाच्या देखभालीचं वेळापत्रक भिंतीवर लावा. काम वाढवणाऱ्याला बक्षीस द्या. सल्ला मिळालेल्या कारखान्यांत पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्के वाढली. तीन वर्षांत या कंपन्यांनी नवे कारखानेही काढले.

मग हे आधी का सुचलं नाही? काही गोष्टी मालकांनी ऐकल्याच नव्हत्या. काही ऐकल्या होत्या, पण त्यांतून फायदा होईल यावर विश्वास नव्हता. 'आमचा माल शेजाऱ्यापेक्षा वाईट नाही' हे समाधान पुरेसं होतं. शेजाऱ्याचीही अवस्था तीच, हे कोण बघणार?

मला सगळ्यात बोचलेला निष्कर्ष पुढे आहे. कंपनी किती मोठी होणार, हे नफ्यापेक्षाही त्या घरात कर्ते पुरुष किती, यावर ठरत होतं. दोन भाऊ आणि एक मुलगा असेल तर तीन कारखाने. चौथ्यावर बसणार कोण? बाहेरच्या व्यवस्थापकाच्या हातात तिजोरी आणि खरेदी द्यायची, तर तो चोरी करील ही भीती. चोरी केली तर कोर्टात निकाल कधी लागणार, ही त्याहून मोठी. भीती निराधार नाही, म्हणूनच ती इतकी चिवट आहे. आणि मुलींचा, सुनांचा विचार या गणितात येतच नाही, ही जोडीची गंमत. घरात एमकॉम झालेली सून असते आणि मालक मुनीम शोधत असतो.

संशोधक २०१७ मध्ये पुन्हा गेले. शिकवलेल्या सवयींपैकी जवळजवळ निम्म्या सुटल्या होत्या, तरी सल्ला मिळालेल्या कंपन्या इतरांच्या बऱ्याच पुढे होत्या. सुटण्याची मोठी कारणं दोन. व्यवस्थापक नोकरी सोडून गेला, किंवा मालकाला वेळ उरला नाही. म्हणजे शिस्त कारखान्याची झालीच नव्हती, एका माणसाची राहिली होती.

बोरगाव-सौंसरच्या छोट्या धंद्यांकडे या नजरेने बघितलं, की बरंच उलगडतं. हा संत्र्याचा पट्टा. आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे बाजारात, मृग बहार उन्हाळ्याच्या तोंडाशी. माल निवडून, प्रतवारी लावून पेट्या भरणाऱ्या शेडला थोड्याच महिन्यांत वर्षाची कमाई करायची असते. कुठल्या बागेच्या मालात किती टक्के फळ बाद निघालं, याची नोंद ज्याच्याकडे आहे, तो पुढच्या वर्षीचा सौदा डोळे उघडे ठेवून करतो. ज्याची नोंद डोक्यात आहे, त्याचं डोकं सौद्याच्या दिवशी दुसऱ्या बागेत असलं की संपलं. फॅब्रिकेशनचं वर्कशॉप घ्या, सौंसर-लोधीखेड्याकडचा हातमाग घ्या, ट्रकचं गॅरेज घ्या. मालक लग्नाला चार दिवस गेला की काम किती उतरतं, ही त्या धंद्याच्या प्रकृतीची खरी तपासणी. जीएसटीच्या कागदांवर ती दिसत नाही.

एक गोष्ट मात्र छोट्या मालकाच्या हातात नाही आणि ती न सांगता त्याला उपदेश करणं अन्याय आहे. ती म्हणजे उधारी. एमएसएमई विकास कायदा २००६ पासून सांगतो, की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्या. करार नसेल तर १५ दिवसांत. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्याच्या ४३बी(एच) कलमाने त्याला दात दिले. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करून मिळत नाही. तरीही आपला हक्क मागणारा पुरवठादार पुढची ऑर्डर गमावण्याच्या धास्तीत असतो. ज्याचं भांडवल दुसऱ्याच्या खात्यात अडकलंय, त्याने कामगाराला बक्षीस कुठून द्यायचं?

उत्तम कारभार म्हणजे अमरपट्टाही नव्हे. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि शतक पालटल्यावर कायमची बंद झाली. कॅलिकोही उरली नाही. बाजार बदलतो, सूत बदलतं, धोरण बदलतं. पण तारापूरच्या त्या कंपन्यांचा बाजार एकच होता, धोरण एकच होतं, आणि चिठ्ठ्यांनी केलेल्या दोन भागांत फरक पडला तो रोजच्या नोंदीसारख्या साध्या सवयींनी. ही नोंद टिकायची, तर तिच्यावर निर्णय घेण्याची मुभाही मालकाखेरीज कोणाला तरी हवी. यातली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे. नोंद ठेवायला वही लागते, मुभा द्यायला छाती लागते.

बोरगावातल्या, आणि अशा प्रत्येक वसाहतीतल्या, धंदेवाल्यांना म्हणून एक विनंती. या लक्ष्मीपूजनाला चोपडीशेजारी आणखी एक वही ठेवा: काय बिघडलं, केव्हा, कशामुळे. ती कामगाराला वाचता येईल अशा भाषेत असू द्या, लिहिण्याचं काम घराबाहेरच्या माणसाकडे द्या आणि ठरावीक रकमेपर्यंतची दुरुस्ती तुम्हाला फोन न करता उरकण्याचा अधिकारही त्यालाच द्या. रक्कम सुरुवातीला पाचशेची असली तरी चालेल.