चिमूटभर सोन्याचा माग

१९८० साली ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, किंगोवर गावाजवळ केव्हिन हिलियर यांच्या मेटल डिटेक्टरला जमिनीखाली जेमतेम फूटभर खोलीवर सोन्याचा एक गोळा लागला. वजन भरले २७ किलोंहून थोडे अधिक. ‘हँड ऑफ फेथ’ या नावाने गाजलेला हा गोळा पुढे लास वेगासच्या गोल्डन नगेट कॅसिनोने दहा लाख डॉलरहून जास्त मोजून विकत घेतला.

एवढा मोठा गोळा शोधायला यंत्राची फारशी कसोटी लागत नाही. खरी कसोटी लागते ती गव्हाच्या दाण्याएवढ्या सोन्याला. व्हिक्टोरियातल्या डनॉली, टार्नागुला, वेडरबर्नच्या परिसरात गेली चार-पाच दशके लोक डिटेक्टर घेऊन फिरत आहेत. मोठे गोळे बहुतेक उचलले गेले. उरले आहेत ते बारीक दाणे. त्यामुळे डिटेक्टर बनवणाऱ्यांची गेल्या काही वर्षांतली मोठी चढाओढ लहानात लहान सोने ऐकू यावे यासाठी चालली आहे. समुद्रकिनारी पडलेली कानातल्याची फिरकी, अंगणात हरवलेली चमकी किंवा शेतात तुटून पडलेली नाजूक साखळी शोधणाऱ्यापुढेही नेमका हाच प्रश्न असतो.

पहिली गोष्ट ही की सोने ओळखणारा डिटेक्टर अजून कोणी बनवलेला नाही. जाहिरातीत काहीही लिहिलेले असो. यंत्राच्या दांडीच्या टोकाला जी थाळी असते तिला कॉइल म्हणतात. तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांतून बदलता विद्युतप्रवाह गेला की खाली बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात लहान लहान प्रवाह गोल फिरू लागतात आणि त्यांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र कॉइलपर्यंत परत येते. यंत्र ऐकते ते एवढेच: प्रवाह किती जोरात उठला आणि किती लवकर मेला. देवळातली मोठी घंटा एका टोल्यावर बराच वेळ घुमते, घुंगरू वाजताच थांबते, तसाच हा प्रकार आहे. मोठ्या, जाड धातूतला प्रवाह रेंगाळतो. चमकीतला प्रवाह काही मायक्रोसेकंदांत विरतो. सोने उत्तम विद्युतवाहक आहे हे खरे, पण वस्तू फार लहान असेल तर तो गुण तिच्या कामी येत नाही.

त्यात दागिना शुद्ध सोन्याचा नसतो. २२ कॅरटमध्ये ९१.६ टक्के सोने असते. उरलेल्या तांब्या-चांदीमुळे वहन बरेच घटते. १८ आणि १४ कॅरटमध्ये ते आणखी खाली येते. म्हणून एकाच आकाराचे दोन दागिने यंत्राला दोन वेगळ्या वस्तू वाटू शकतात.

घडणीने तर वजनाचा हिशेबच उलटा होतो. अंगठी हे बंद कडे आहे. प्रवाहाला फिरायला अखंड वाट मिळते आणि दोन ग्रॅमची अंगठीसुद्धा यंत्रात खणखणीत वाजते. तीच अंगठी कापलेली असेल तर आवाज एकदम बसतो. साखळीचे दुखणे त्याहून मोठे. दहा ग्रॅमची साखळी यंत्राच्या दृष्टीने दहा ग्रॅमची नसतेच. दोन कड्यांमधला स्पर्श इतका कच्चा असतो की प्रवाह एकीतून दुसरीत नीट जात नाही. यंत्राला दिसते ती एकेक सुटी कडी, तांदळाच्या कणीएवढी. पुष्कळदा साखळी सापडते ती तिच्या आकड्यामुळे किंवा लॉकेटमुळे. मंगळसूत्राची वाटी पत्र्याची असल्याने तुलनेने बरी वाजते. पण वाट्या गळून नुसता सर उरला तर शोधणाऱ्याने मोठ्या आवाजाची आशा धरू नये.

आता यंत्रांकडे वळू. बाजारात मुख्यतः दोन घराणी आहेत. पहिले व्हीएलएफ. यात कॉइलमधून ठरावीक फ्रिक्वेन्सीचा प्रवाह अखंड सोडतात. नाणी शोधणारी साधी यंत्रे साधारण ५ ते १५ किलोहर्ट्झवर चालतात. चांदीचा रुपया त्यांना छान कळतो, कानातली फिरकी नाही. बारीक सोन्याला जलद लहर लागते. फिशर कंपनीचे गोल्ड बग टू ७१ किलोहर्ट्झवर चालते आणि जुन्या बांधणीचे असूनही बारीक दाण्यांसाठी आजही त्याचे नाव घेतले जाते. माइनलॅबचे गोल्ड मॉन्स्टर १००० हे ४५ किलोहर्ट्झचे, गॅरेटचे २४के ४८ किलोहर्ट्झचे. अशा यंत्रांना एक दशांश ग्रॅमच्या आसपासचा दाणाही कळतो, फक्त तो कॉइलपासून काही सेंटिमीटरच्या आत हवा.

दुसरे घराणे पल्स इंडक्शनचे. हे यंत्र कॉइलला प्रवाहाचा एक झटका देते, तो तोडते आणि मग कान देते. लोहयुक्त जमिनीत व्हीएलएफ गोंधळते तिथे हे शांत राहते आणि खोलही जाते. १९९५ मध्ये माइनलॅबने ब्रूस कँडी यांच्या संशोधनावर आधारलेले एसडी २००० आणले आणि ऑस्ट्रेलियाच्या तांबड्या मातीत आधीच्या यंत्रांना न लागलेले सोने निघू लागले. मात्र या जातीच्या जुन्या यंत्रांना बारीक सोने ऐकू येत नसे. झटका थांबून यंत्र ऐकायला लागेपर्यंत दाण्यातला प्रवाह मेलेला असे. पुढच्या यंत्रांनी ऐकण्याची ही वेळ अलीकडे आणली. २०१४ चे एसडीसी २३०० आणि २०२१ चे जीपीएक्स ६००० यांची ख्याती बारीक सोन्यासाठी आहे ती यामुळेच. किंमत मात्र लाखांत जाते. घरातली हरवलेली वस्तू शोधायला एवढा खर्च करणे शहाणपणाचे नाही.

नवा माणूस यंत्राच्या पडद्याकडे बघतो, जाणता आधी कॉइलकडे बघतो. मोठी कॉइल खोल जाते हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येते. मोठ्या वस्तूंपुरते ते खरे आहे. पण मोठ्या कॉइलचे क्षेत्र पसरट होते, चमकीच्या वाट्याला त्यातला नगण्य भाग येतो आणि शिवाय भोवतालची सगळी माती बोलू लागते. पाच-सहा इंची कॉइलचे क्षेत्र एकवटलेले असते. बारीक सोन्याला तीच हवी. गोल्ड मॉन्स्टरसोबत पाच इंची गोल आणि दहा इंच लांबीची लंबगोल अशा दोन कॉइल मिळतात. मोकळ्या जागेत भराभर फिरायला लंबगोल, दगडांच्या बेचक्यात आणि झाडाच्या मुळांशी गोल, असा त्यांचा सरळ उपयोग. पाण्यात जायचे असेल तर कॉइल जलरोधक असली तरी वरचा डबा तसा आहे का, हे आधी विचारावे. एका कंपनीची कॉइल सहसा दुसरीच्या यंत्राला चालत नाही, हेही लक्षात ठेवावे.

कॉइलच्या आतली रचनाही पाहावी लागते. डबल-डी प्रकारात दोन वेटोळी एकमेकांवर अर्धवट चढलेली असतात. त्यांचे ग्रहण मधल्या रेषेवर पात्यासारखे उभे असते आणि लोहयुक्त माती त्यांना कमी सतावते. पल्स यंत्रांच्या मोनो कॉइलमध्ये एकच वेटोळे सोडण्याचे आणि ऐकण्याचे काम करते. ती जास्त संवेदनशील, पण वाईट जमिनीत जास्त बडबडी.

अंतराचा हिशेब निर्दय आहे. कॉइलच्या आकाराच्या मानाने वस्तू दूर असली की अंतर दुप्पट होताच परत येणारा संकेत ६४ पटींनी कमी होतो. कॉइल जमिनीपासून दोन बोटे वर फिरवली तर फिरकी गेलीच म्हणून समजावे. ती जमिनीला लागून, सावकाश, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर चढवत फिरवावी. कानाला हेडफोन हवेत. बारीक सोन्याचा आवाज ठळक ‘बीप’ नसतो. सततच्या मंद सुरात एक हलका उठाव येतो, एवढेच.

आवाज आला की पुढचे काम हाताचे. प्लास्टिकच्या खोऱ्यात ती माती घ्यायची आणि कॉइलवरून फिरवायची. वाजली तर अर्धी माती मुठीत काढून उरलेली पुन्हा फिरवायची. असे अर्धे-अर्धे करत चिमूटभर माती उरते. ती कॉइलच्या पाठीवर थोडी थोडी सोडली की कण पडताक्षणी टक् असे वाजते. बोटातली अंगठी आणि हातातले घड्याळ त्याआधी काढून ठेवावे, नाहीतर यंत्र त्यांनाच सलाम करत राहते.

आसपासचा धातू शोधाचा कसा घात करतो याचा इतिहासातला दाखला मोठा आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरात रुतलेली गोळी शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपले यंत्र घेऊन गेले. तत्त्व हेच होते. पण अंथरुणाखालच्या धातूच्या स्प्रिंगा यंत्राला छळत राहिल्या, डॉक्टरांनी भलत्याच बाजूला शोधू दिले आणि गोळी सापडली नाही. गारफील्ड सप्टेंबरात वारले.

आपल्या किनाऱ्यावर स्प्रिंगांची जागा बाटल्यांची टोपणे आणि गुटख्याच्या पुड्या घेतात. ॲल्युमिनियमचा पापुद्रा आणि पातळ सोने यंत्राच्या आकड्यांत शेजारी शेजारी बसतात. कचऱ्याला कंटाळून पडद्यावरचा त्या आकड्यांचा पट्टा बंद केला की त्याच्याबरोबर साखळी, चमकी, फिरकी सगळेच बंद होते. लोखंड गाळावे, फॉइल गाळू नये, आणि वाजेल ते उकरावे. दुसरा मार्ग नाही.

कोकणात शोधणाऱ्यापुढे आणखी दोन अडचणी येतात. ओली खारट वाळू स्वतःच वीज वाहते आणि तिच्यातला प्रवाहही बारीक सोन्याइतकाच झटपट विरतो. म्हणजे खारटपणा गप्प करायला यंत्र जितके बोथट करावे तितके नाजूक सोनेही गप्प होते. ४५ किंवा ७१ किलोहर्ट्झची खास सोन्याची यंत्रे म्हणूनच भरतीच्या रेषेखाली बेजार करतात. तिथे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारे, माइनलॅब इक्विनॉक्ससारखे यंत्र बरे. त्यातही अंगठीची आशा धरावी, नाजूक साखळीची कमी. दुसरी अडचण लोहाची. जांभ्याची तांबडी माती लोहाने भरलेली असते, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटची काळी वाळू आहे आणि देशावर गेले तरी बेसॉल्टची काळी जमीन. अशा जागी मातीचा आवाज वजा करणारी ‘ग्राउंड बॅलन्स’ ही सोय नसलेले स्वस्त यंत्र घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

बारीक सोने जमिनीखाली किती विखुरलेले असू शकते हे इंग्लंडमध्ये २००९ साली दिसले. स्टॅफर्डशायरमधल्या एका शेतात टेरी हर्बर्ट यांना डिटेक्टरने अँग्लो-सॅक्सन काळातला साठा लागला. नंतर पुरातत्त्वज्ञांनी मोजले तेव्हा तुकडे हजारांत निघाले आणि सोने चार किलोंच्या आसपास. तो ऐवज मुख्यतः तलवारींच्या मुठींवरच्या लहानसहान पत्र्यांचा आणि तुकड्यांचा होता. नांगर पोचतो तेवढ्याच खोलीवर पडलेले हे तुकडे संग्रहालयात पोचले, कारण शोध लागल्यावर तो अधिकाऱ्यांना कळवला गेला.

यंत्राची मर्यादाही सांगायला हवी. सराफ कट्ट्यापुढची माती धुणारे झारेकरी जो सोन्याचा कीस मिळवतात तो कुठल्याही डिटेक्टरला कळत नाही. पिठासारखे सोने पाण्याने धुऊनच निघते.

मर्यादा दुसऱ्या टोकालाही आहे. वीस-तीस फुटांवरचे ‘गुप्तधन’ दाखवणारी, अँटेना वळवून दिशा सांगणारी यंत्रे विकली जातात. त्यांच्यामागे कोणतेही भौतिकशास्त्र नाही. ब्रिटनमध्ये जेम्स मॅकॉर्मिक याने गोल्फचे चेंडू शोधण्याच्या खेळण्यावरून बनवलेली अशीच अँटेनाची यंत्रे बॉम्बशोधक म्हणून इराकला विकली. २०१३ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. गुप्तधनाच्या नावाने आपल्याकडे माणसांचे बळी गेले आहेत आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्यासाठीच्या अघोरी कृत्यांचा समावेश करावा लागला. ज्याला असे यंत्र कोणी दाखवील त्याने खिशातला हात बाहेर काढू नये.

घ्यायचेच असेल तर दुकानात घरातल्याच तीन वस्तू न्याव्यात: अंगठी, नाजूक साखळी आणि कानातल्याची फिरकी. पहिली सगळीच यंत्रे दाखवतील. निवड दुसऱ्या दोघींवर करावी. चाचणी हवेत नको, मातीच्या कुंडीत करावी आणि लहान कॉइल वेगळी मिळते का ते तिथेच ठरवून घ्यावे. एकदाच हरवलेल्या दागिन्यासाठी विकत घेण्यापेक्षा कोणाकडून दोन दिवस मागून आणणे केव्हाही चांगले.

आणि कायदा विसरू नये. व्हिक्टोरियात सोने शोधायला ‘मायनर्स राइट’ हा परवाना लागतो. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे: जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. दुसऱ्याच्या शेतात मालकाची परवानगी घ्यावी. संरक्षित गडकिल्ल्यांवर आणि देवळांच्या आवारात विनापरवाना खणणे हा गुन्हा आहे. तिथे डिटेक्टर नेऊच नये.