अश्वत्थाम्याचे तेल

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल लावण्यापूर्वी बोट तेलात बुडवून भुईवर सात ठिपके द्यायचे, अशी आमच्या घरची जुनी रीत आहे. सात चिरंजीवांची ती आठवण. त्यातला पहिला ठिपका अश्वत्थाम्याचा. त्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतला, ती जखम अजून भरलेली नाही, आणि तिच्यासाठी तो युगानुयुगे दारोदार तेल मागत फिरतो, असे आमच्या मातोश्री सांगत. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी ही चाल असेल. निदान आजीच्या तोंडून ऐकलेली तरी असेल. मी तीस वर्षे मराठी शाळेत मुलांना गोष्टी सांगितल्या, ही गोष्टही सांगितली. परंतु चिरंजीव होणे हा वर न राहता शाप कसा ठरतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले.

आमचे गुडीहत्नूर आदिलाबादहून निर्मलकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. आदिलाबादपासून वीस-बावीस किलोमीटर. येथूनच एक फाटा इंद्रवेल्ली-उटनूरकडे, गोंडांच्या मुलखात वळतो. हैदराबादकर मंडळी मोटारीने नागपूरला जाताना या गावावरून गेलेली असतील, थांबली मात्र नसतील. जमीन काळी, पीक कापूस, तूर, ज्वारी आणि अलीकडे सोयाबीन. घरात मराठी, बाजारात तेलुगू, वडिलांच्या काळी कचेरीत उर्दू आणि शेतावरच्या गड्यांशी मोडकीतोडकी गोंडी, असा आमचा व्यवहार. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य तीन ठिकाणी वाटले गेले. आमच्याच जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. पुढे २ जून २०१४ ला तेलंगण झाले. घराचा उंबरठा तसूभरही हलला नाही, राज्ये तेवढी बदलली.

या शेवटच्या बदलाची वार्ता आमच्या चिरंजीवांना अजून पोचलेली नाही. पोचते, पण टिकत नाही.

२०१३ च्या दिवाळीत तो हैदराबादहून रजेवर आला होता. वय चोवीस. पॉलिटेक्निकची पदविका घेऊन एका कारखान्यात लागला होता आणि त्याच्यासाठी मुली पाहण्याचे आमच्या घरात चालले होते. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी तो आजीची औषधे आणायला मोटारसायकलने आदिलाबादला गेला. परत येताना कापसाने भरलेला, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला उभा होता. हेल्मेट होते, ते मोटारसायकलच्या हँडलला अडकवलेले होते. औषधांची पुडी खिशात जशीच्या तशी सापडली.

रातोरात हैदराबादला नेले. जवळजवळ तीनशे किलोमीटर. डोक्याला मार लागला की मेंदू सुजतो, आणि कवटी हाडाची असल्याने सुजेला जागा मिळत नाही. म्हणून शस्त्रक्रिया करून कवटीचा डावीकडचा एक तुकडा काढला आणि तो जिवंत राहावा म्हणून पोटाच्या कातडीखाली ठेवला. चार महिन्यांनी तो पुन्हा जागी बसवला. मधल्या काळात त्याच्या डोक्यावर तळहाताएवढा खळगा होता आणि त्याखाली नाडी उडताना दिसे. मणी काढलेला अश्वत्थामा मी त्या खाटेवर पाहिला.

बेशुद्धी मोजण्याची एक परीक्षा आहे. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी ती १९७४ साली बसवली. डोळे उघडण्याला चार, बोलण्याला पाच, हातपाय हलवण्याला सहा, असे एकूण पंधरा गुण. काहीच न करणाऱ्यालाही तीन मिळतात. आठ किंवा त्याखाली म्हणजे गाढ बेशुद्धी. आमच्या मुलाला सहा होते. जन्मभर मुलांचे गुण मांडले, पण एकेका गुणासाठी असा जीव कधी टांगणीला लागला नव्हता.

पन्नासाव्या दिवशी त्याला घरी न्यायला सांगितले. हातात गोळ्यांची यादी दिली. या मुलाला कुशीवर कसे वळवायचे, घास कसा भरवायचा, फेफरे आले तर काय करायचे, हे कोणी सांगितले नाही. इस्पितळ मोठे होते, डॉक्टर सज्जन होते. परंतु त्यांचे काम जेथे संपले तेथे आमचे सुरू होणार होते, आणि त्या दोहोंमध्ये कोणीच उभे नव्हते. अशा घरांतून अजूनही बहुधा असेच घडत असावे.

आम्ही हळूहळू शिकलो. पडून असलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाही तर पाठीला, टाचांना जखमा होतात. म्हणून रात्री गजर लावून उठू लागलो. दहाला मी, बाराला ही, दोनला मी, चारला ही. घसा दुबळा झालेल्याला पातळ पाणी सर्वांत धोक्याचे, कारण ते श्वासनळीत उतरते. तेव्हा पाण्याऐवजी दाट पेज, ताकाऐवजी दही. भरवताना पाठ ताठ हवी, हनुवटी किंचित खाली हवी, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करायचे नाही. उजव्या हाताची बोटे वळू लागली, ती रोज तेल लावून एकेक उलगडायची. फेफरे आले तर तोंडात काही घालायचे नाही, कांदा हुंगवायचा नाही. कुशीवर निजवायचे, घड्याळ पाहायचे आणि पाच मिनिटांत थांबले नाही तर गाडी बोलवायची. कांदा हातात घेऊन धावत येणाऱ्या शेजाऱ्यांना हे समजावण्यात आमचे एक वर्ष गेले.

पाचव्या महिन्यात तो पहिला शब्द बोलला. नर्सने तेलुगूत, डॉक्टरांनी इंग्रजीत विचारून पाहिले होते, तेव्हा तो नुसता पाहत राही. एके दुपारी आईने विचारले, “काय हवंय रे राजा?” आणि तो म्हणाला, “पाणी.” ही तशीच खाली बसली.

त्याची तेलुगू आणखी आठ महिन्यांनी परतली, तीही बाजारापुरती. पदविकेची इंग्रजी गेली ती गेलीच. याविषयी मी पुढे वाचले. फ्रान्सच्या रिबो नावाच्या विद्वानाने १८८१ साली मांडले होते की स्मृती ढासळते तेव्हा आधीचे शिकलेले टिकते. १८९५ साली पित्र नावाच्या त्याच्याच देशबांधवाने म्हटले, तसे नव्हे, जी भाषा अधिक वापरात होती ती आधी परत येते. नंतरच्या अभ्यासकांनी पाहिले की बहुतेक रुग्णांत सगळ्या भाषा बरोबरीनेच परततात. म्हणजे आमच्या मुलाचा अनुभव हा काही नियम नव्हे. तरी सुलतान बाजार, काचीगुड्याच्या घरांतून मुलांशी मराठी बोलावे की नाही, असा विचार जेव्हा चालतो, तेव्हा मला तो एक शब्द आठवतो. तीन भाषा शिकलेल्या माणसाने तहान लागली तेव्हा कोणती काढली, ते मी पाहिले आहे.

शाळेच्या कपाटातून मी पहिलीचे पुस्तक घरी आणले. सहा वर्षांच्या मुलाला ज्या पाटीवर ‘क’ गिरवायला लावला होता, तोच ‘क’ पंचविसाव्या वर्षी त्याच मुलाला, आता डाव्या हाताने, गिरवायला लावला. एकाच मुलाला पहिली इयत्ता दोनदा शिकवलेला शिक्षक माझ्या माहितीत मीच. दुसऱ्या खेपेला मी एकदाही रागावलो नाही, एवढे नमूद करतो. पहिल्या खेपेबद्दल तसे म्हणता येत नाही.

आता तो काठी घेऊन ओसरीपर्यंत चालतो. जुने सारे त्याला आठवते: मास्तरांची नावे, विहिरीची खोली, केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत हरवला होता ती जागा. नवे मात्र चाळणीतल्या पाण्यासारखे जाते. कधी कधी विनाकारण संतापून ताट भिरकावतो. मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागला की रागाचा लगाम सुटतो, असे डॉक्टर म्हणाले. ते कळल्यामुळे ताट कमी लागते असे नाही, पण मनाला कमी लागते.

आमच्या मातोश्री २०१४ साली गेल्या. आपल्या औषधांसाठी नातू गेला आणि हे झाले, हे त्यांनी मनातून काढले नाही. आणि नातू रोज दिवेलागणीला विचारतो, “आजी कुठे आहे?”

पहिले सहा महिने मी खरे सांगितले. असत्य बोलल्याबद्दल मी मुलांना छड्या मारलेल्या. स्वतःच्या मुलाशी कसा खोटे बोलू? “आजी देवाघरी गेली,” असे म्हटले की तो ते जन्मात पहिल्यांदाच ऐके. हंबरडा फोडी. रात्री विसरे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. एका संध्याकाळी ही मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि म्हणाली, “अहो, तुमच्या खरेपणासाठी या पोराची आजी रोज मरते. आम्ही एकदा रडलो. त्याने किती वेळा रडायचे?” त्या दिवसापासून उत्तर ठरले: आजी देवळात गेली आहे. तो “बरं” म्हणतो आणि जेवायला बसतो. धर्मराजाचा रथही एका अश्वत्थाम्याच्याच पायी भुईला टेकला होता. माझ्या पायांनी चालण्याच्या जोड्याला तेवढी भीती नको.

आता एक गोष्ट लिहितो, ती लिहावी की नाही याचा पुष्कळ विचार केला. तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात त्याला छातीत कफ होऊन ताप चढला. रात्री दोनची पाळी माझी होती. श्वास घरघरत होता, बाहेर पाऊस, रस्त्यावर वाहन नाही. त्या वेळी माझ्या मनात आले की हा सुटला तर बरे. नुसते आले नाही, काही वेळ राहिले. मग चारचा गजर झाला, ही उठून आली, तिने त्याची कूस बदलली, आणि सकाळी आम्ही त्याला आदिलाबादला नेले. हिला मी ते पुढे दोन वर्षांनी सांगितले. ती म्हणाली, “माझ्याही मनात येऊन गेले आहे.” त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही, परंतु त्यानंतर आम्हांला एकमेकांचा आधार अधिक वाटू लागला.

अशा वेळी मला मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग आठवतात. २७ नोव्हेंबर १९७३ ला तेथल्याच एका सफाई कामगाराने या तरुण परिचारिकेच्या गळ्याभोवती साखळी आवळून अत्याचार केला. मेंदूला रक्त मिळाले नाही, आणि ती १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयात पडून होती. तिला मरण द्यावे असा अर्ज लेखिका पिंकी विराणी यांनी केला होता. ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. मात्र असाध्य रुग्णाचे कृत्रिम उपचार थांबवण्याची वाट काही अटींवर मोकळी केली. त्या निकालात एक गोष्ट मला मोठी वाटते. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर न्यायालयाने केईएमच्या सेवकवर्गाकडे बोट दाखवले. नात्याची नव्हती ती माणसे. एका पिढीच्या परिचारिका निवृत्त झाल्या, दुसऱ्या पिढीने तिला हाती घेतले, आणि इतक्या वर्षांत तिच्या पाठीला जखम होऊ दिली नाही. ज्याने कूस बदलण्याचे काम केले आहे, त्याला या एका वाक्याचे वजन कळेल.

आमच्यापुढे प्रश्न आहे तो पुढच्या पिढीचाच. मूल अठरा वर्षांचे झाले की आईबाप कायद्याने त्याचे पालक उरत नाहीत. त्याच्या पगाराचे खाते बँकेत होते आणि सही करणारा हात वळलेला, तेव्हा हे समजले. १९९९ चा राष्ट्रीय न्यासाचा कायदा आहे, त्यात जिल्हा समिती पालक नेमते. परंतु तो चार ठरावीक प्रकारच्या अपंगत्वांसाठी आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यांत अपघाताने झालेली मेंदूची इजा या नावाने एकही नाही. ती दुसऱ्या कोणत्या तरी रकान्यात बसवावी लागते. आमची बसली. राज्य सरकारचे अपंग निवृत्तिवेतन २०२३ साली मासिक ४०१६ रुपये झाले. गोळ्या आणि तेल यांना त्याचा हातभार लागतो. माझ्या धाकट्या भावाच्या मुलाने “काका, पुढचे मी पाहीन” असे म्हटले आहे. त्याचा शब्द खरा आहे. तरी त्याचे लग्न व्हायचे आहे, आणि घरात येणाऱ्या मुलीच्या वतीने तो शब्द देऊ शकत नाही, हे आम्ही जाणतो.

आपल्या ओळखीत असे एखादे घर असेल तर एक विनंती. “काही सुधारणा?” असे विचारू नये. पहिल्या वर्षात सुधारणा भराभर होते, पुढे मुंगीच्या पावलाने होते, आणि ती पाहुण्याला दिसत नाही. त्याऐवजी दोन तास त्या घरात बसावे आणि आईबापांना एखाद्या लग्नाला पाठवावे. आम्ही दोघे बरोबर असे दहा वर्षांत तीनदा बाहेर गेलो, आणि तिन्ही वेळा शेजारच्या तेलुगू बाई येऊन बसल्या होत्या.

दिवाळी आली की फाट्यापलीकडच्या गुड्यांतून दंडारीचे ढोल ऐकू येतात. मुलगा डाव्या हाताने काठीवर ठेका धरतो. तो कधी चुकत नाही. पहाटे ही त्याला पाटावर बसवते, मी तेलाची वाटी पुढे करतो. काल काय झाले हे त्याला सांगता येत नाही, पण बोट बुडवायचे ते त्याला सांगावे लागत नाही. भुईवर एकेक ठिपका देतो, पहिला अश्वत्थाम्याचा. मग मी त्याच्या डोक्यावरच्या त्या व्रणावर तेल जिरवतो.

“नाना, आजी कुठे आहे?”

“देवळात गेली आहे,” मी म्हणतो. “मान जरा खाली कर.”