बादल्यांमधलं दूध कुठे गेलं?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी इंदूरला ताईकडे गेले होते. दहा वर्षांच्या भाचीला झोपताना गोष्ट लागते आणि माझ्या बॅगेत तेव्हा एकच पुस्तक होतं, जॉर्ज ऑरवेलचं 'अ‍ॅनिमल फार्म'. प्राण्यांचीच गोष्ट आहे, चालेल, असा विचार करून मी रोज रात्री थोडी थोडी मराठीत सांगायला लागले.

मळ्याचा मालक जोन्स दारुडा. जनावरं उपाशी राहतात, मार खातात आणि एक दिवस सगळी मिळून त्याला हाकलून लावतात. मळा आता जनावरांचा. कोठाराच्या भिंतीवर सात नियम लिहिले जातात. गायींची धार काढायची राहिलेली असते, म्हणून डुकरं कशीबशी ती काढतात. पाच बादल्या भरून फेसाळ दूध निघतं. याचं काय करायचं, असं कुणीतरी विचारतं. नेपोलियन नावाचं डुक्कर सांगतं, ते बघू नंतर, आधी गवत कापायला चला. संध्याकाळी सगळे परत येतात, तर दूध गायब!

मी पुढे निघाले होते. भाचीने हात धरला. "मावशी, थांब ना. दूध कुठे गेलं?"

"कळेल पुढे."

"पण मग कुणी विचारलं कसं नाही?"

खरं सांगू? बी.ए.ला हे पुस्तक मी परीक्षेसाठी वाचलं होतं, तेव्हा हा प्रश्न मला पडला नव्हता. आमच्या नोट्समध्ये एक तक्ता होता. जोन्स म्हणजे रशियाचा झार निकोलस दुसरा, नेपोलियन म्हणजे स्टालिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, नऊ कुत्रे म्हणजे गुप्त पोलीस, डोमकावळा मोझेस म्हणजे चर्च. तक्ता पाठ केला, मार्कही चांगले मिळाले. दूध त्या तक्त्यात नव्हतं.

घरी परतल्यावर मी शोधत बसले आणि चाटच पडले. ड्वाइट मॅकडोनाल्ड या अमेरिकन संपादकाला 1946 मध्ये लिहिलेल्या पत्रात ऑरवेलने सांगितलंय की गोष्टीचं खरं वळण तेच आहे, डुकरांनी दूध आणि सफरचंदं स्वतःसाठी ठेवली तो क्षण. सोबत त्याने एक नाव दिलंय, क्रोनश्टाट.

हे क्रोनश्टाट म्हणजे पेट्रोग्राडजवळचा (आजचं सेंट पीटर्सबर्ग) नौदलाचा तळ. 1917 मध्ये झारची सत्ता गेली, ऑक्टोबरमध्ये बोल्शेविकांनी सरकार ताब्यात घेतलं, तेव्हा इथले खलाशी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. मार्च 1921 मध्ये याच खलाशांनी मागणी केली की सोव्हिएतांच्या निवडणुका नव्याने आणि गुप्त मतदानाने घ्या, कामगारांना आणि शेतकऱ्यांना मोकळेपणाने बोलू द्या. उत्तर म्हणून लाल सेना गोठलेल्या समुद्रावरून चालून गेली आणि तिने बंड मोडून काढलं. त्या वेळी सत्तेच्या शिखरावर लेनिन होता आणि सैन्य ट्रॉट्स्कीच्या हाताखाली होतं. स्टालिन पक्षाचा सरचिटणीस झाला तो पुढच्या वर्षी.

म्हणजे आमचा तक्ता निम्माच खरा होता. आम्ही समजत होतो की स्नोबॉल बिचारा चांगला आणि सगळा घोटाळा एकट्या नेपोलियनने केला. पुस्तकात मात्र दूध-सफरचंदांच्या बाबतीत सगळ्या डुकरांचं एकमत असतं, स्नोबॉलचंसुद्धा. स्क्वीलर नावाचं गोडबोलं डुक्कर इतरांना पटवतं की आम्हाला दूध आवडतच नाही हो, डोक्याचं काम करावं लागतं म्हणून नाइलाजाने पितो. आम्ही आजारी पडलो आणि जोन्स परत आला तर? जोन्सचं नाव काढलं की सगळे गप्प. पुढे कुत्रे येतात, स्नोबॉलला पळवून लावलं जातं, रात्री गुपचूप भिंतीवरचे नियम बदलले जातात. पण 'जोन्स परत येईल' ही भीती पहिल्यांदा कामाला येते ती दुधासाठी.

ऑरवेलला हे घरबसल्या सुचलेलं नाही. त्याचं खरं नाव एरिक आर्थर ब्लेअर. जन्म 1903 सालचा आणि तोही आपल्या बिहारमधल्या मोतिहारीत, कारण वडील इंग्रज सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. (रशियात क्रांती झाली त्याच 1917 मध्ये गांधीजी याच मोतिहारीच्या कोर्टात निळीच्या शेतकऱ्यांसाठी उभे होते! अर्थात ऑरवेल तान्हा असतानाच आईबरोबर इंग्लंडला गेला होता.) तरुणपणी त्याने ब्रह्मदेशात पोलिसात नोकरी केली, मग साम्राज्याचा वीट येऊन ती सोडली. स्पेनच्या यादवी युद्धात तो फ्रँकोविरुद्ध लढायला गेला. 1937 मध्ये गळ्यातून गोळी आरपार गेली, त्यातून वाचला. पण नंतर स्टालिनच्या बाजूच्या लोकांनी त्याच्या गटाची धरपकड सुरू केली आणि त्याला बायकोसह जीव वाचवून पळावं लागलं. आपल्याच बाजूचे लोक आपल्याला गद्दार ठरवतात म्हणजे काय, हे त्याने अंगावर झेललं होतं. तरी तो मरेपर्यंत समाजवादीच राहिला, हे पुष्कळदा विसरलं जातं.

गोष्टीचं बीज त्याला खेड्यात सापडलं. दहा-एक वर्षांचा पोरगा एका प्रचंड घोड्याला चाबकाने हाकत चालला होता. या घोड्याला आपली ताकद कळली तर, असं ऑरवेलच्या मनात आलं.

पुस्तक फेब्रुवारी 1944 मध्ये लिहून झालं, पण छापायला कुणी तयार होईना. युद्धात रशिया ब्रिटनचा मित्र होता. एका प्रकाशकाने सरकारी अधिकाऱ्याचा सल्ला घेऊन माघार घेतली. फेबर अँड फेबरतर्फे कवी टी. एस. एलियट यांनी नकार कळवला. शेवटी ऑगस्ट 1945 मध्ये ते बाजारात आलं. त्याआधी ऑरवेलने प्रकाशकाला पत्र लिहून एक छोटी दुरुस्ती करायला लावली होती. पवनचक्की स्फोटाने उडते तेव्हा नेपोलियनसह सगळे जमिनीवर आडवे होतात, असं आधी होतं. ते बदलून नेपोलियन सोडून सगळे, असं केलं. कारण जर्मन फौजा चालून आल्या तेव्हा स्टालिन मॉस्कोतच थांबला होता आणि तेवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं, असं ऑरवेलला वाटलं. ज्याच्यावर एवढं पुस्तक लिहिलं त्याच्याशीही हा प्रामाणिकपणा!

एक गोष्ट मात्र मला खटकते. पुस्तकात अंडी द्यायला नकार देणाऱ्या कोंबड्यांचा दाणा बंद होतो आणि नऊ कोंबड्या मरतात. प्रत्यक्षात सक्तीची सामुदायिक शेती आणि धान्यवसुली यांमुळे 1932-33 मध्ये एकट्या युक्रेनमध्ये लाखो माणसं भुकेने मेली. नऊ कोंबड्या वाचून आपण पान उलटतो. रूपककथेत इतिहास हातात मावेल एवढा लहान होतो, पण मग त्याचं वजनही कमी होतं. पंचतंत्रातला सिंह कुणी एक राजा नसतो, म्हणून तिथे असा हिशोब मनात येत नाही.

1954 मध्ये यावर ब्रिटिश कार्टूनपट निघाला. त्याला पडद्याआडून पैसा दिला होता अमेरिकेच्या सीआयएने. पुस्तकाच्या शेवटी खिडकीतून पाहणाऱ्या जनावरांना डुक्कर कोणतं आणि माणूस कोणता, हेच ओळखू येईनासं होतं. सिनेमात मात्र जनावरं डुकरांविरुद्ध पुन्हा उठाव करतात. भिंतीवरचे नियम रात्रीतून बदलण्याची गोष्ट, आणि तिचाच शेवट असा बदलला गेला.

सुट्टी संपली तेव्हा आमची शेवटची दोन प्रकरणं राहिली होती. भाचीचा सगळ्यात लाडका म्हणजे बॉक्सर घोडा. राब राब राबणारा आणि नेपोलियनवर पूर्ण विश्वास टाकणारा. त्याचं पुढे काय होतं, ते मी अजून तिला सांगितलेलं नाही. फोनवर ती दर वेळी विचारते.