बारामती-इंदापूरच्या बागांना हवा एक खुला रंगमंच

संत तुकाराम महाराजांची पालखी इंदापूर तालुक्यात आली की बेलवाडीत गोल रिंगण लागतं. पताकाधारी, टाळकरी, विणेकरी धावतात, मग अश्व दौडतात आणि हजारो माणसं भोवताली दाटीवाटीनं बसून पाहतात. ना पडदा, ना छप्पर! खुला रंगमंच या भागाला कुणी नव्यानं शिकवायला नको. बारामती तर मोरोपंतांचं (१७२९–१७९४) गाव, पुराण-कीर्तनात रमलेलं.

मग बागेत अशी कायमची जागा का नसावी? बंदिस्त सभागृहाचं भाडं गल्लीतल्या भजनी मंडळाला, पहिलाच पोवाडा गाणाऱ्या पोराला पेलत नाही. बागेत लागतं थोडंच: गुडघाभर उंच दगडी चौथरा, समोर मातीच्या उतारावर अर्धवर्तुळात चार-पाच पायऱ्या, कडेला कडुनिंब. चौथरा उत्तरेला ठेवला, तर मावळतीचं ऊन प्रेक्षकांच्या डोळ्यांवर येत नाही. ग्रीसमधल्या एपिडॉरसचं इ.स.पू. चौथ्या शतकातलं प्रेक्षागृहही डोंगरउतारावरच बसवलंय. तिथे आजही नाटकं होतात.

शिवाय हा पट्टा पर्जन्यछायेतला. कोरड्या संध्याकाळी भरपूर.

शेजाऱ्यांची झोप मात्र जपायलाच हवी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबल, आणि रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. म्हणून जागा रुग्णालय-शाळांपासून १०० मीटरपलीकडची निवडावी आणि कार्यक्रम साडेनऊलाच संपवावा. दोन्ही नगरपरिषदांनी आधी एखाद्या बागेत रविवारी सतरंज्या अंथरून प्रयोग करून पाहावा, बांधकाम त्यानंतर.